अंबाड्यातला आकडा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात त्र्यंबकराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहत असत. गाव एवढे खोलगट, की मोबाइलला रेंज हवी असल्यास देवीची टेकडी चढावी लागे. म्हणून त्यांच्या सुनेने, इरावतीने, केबलचे इंटरनेट घेतले. भिंतीवर राऊटरची पेटी बसली. तिची सारी जुळवाजुळव इरावतीनेच करून घेतली.

एके सकाळी त्र्यंबकरावांच्या मोबाइलवर कीर्तन लागेना. आदल्या दिवशी चुकून बोट लावून त्यांनीच आपल्या मोबाइलमधले वायफाय बंद केले होते. पण स्वतःवर संशय घेण्याची त्यांना सवय नव्हती. दोष पेटीचाच, असा त्यांनी निकाल दिला. घरात इतरांचे सुरळीत चालले आहे काय, एवढे विचारण्याची तसदीही घेतली नाही. पत्नीपुढे हात केला. मनोरमाबाईंनीही काही न विचारता अंबाड्यातला आकडा काढून दिला.

पेटीच्या पाठीस एक बारीक छिद्र असते. त्यात टोकदार वस्तू दाबून धरली, की आतली सारी जुळणी पुसून जाते आणि पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. त्र्यंबकरावांनी पेटीवरचे दिवे मालवेपर्यंत आकडा दाबून धरला आणि वाकल्या टोकानिशी तो पत्नीला परत दिला.

त्याच दिवशी इरावतीची मुलाखत होती. मूल लहान, म्हणून घरी बसून करता येईल अशा नोकरीसाठी तिने वर्षभर अभ्यास केला होता. ऐन वेळी संगणक उघडते, तो इंटरनेट नाही. केबल कंपनीचा माणूस गावात संध्याकाळशिवाय येत नसे. ती टेकडीकडे धावली. वर पोहोचेपर्यंत वेळ टळून गेली होती.

दुपारी मुलगा जेवायला बसला. त्याच्यापुढे त्र्यंबकराव खुशाल म्हणाले, "सूनबाई रोज त्या पेटीशी चाळे करतात. बिघडणार नाही तर काय?"

मुलाने बायकोकडे रागाने पाहिले. इरावती मान खाली घालून वाढत राहिली.

मनोरमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत पतीचा शब्द खोडायचा नाही, हे त्यांनी जन्मभर व्रतासारखे पाळले होते. पण लबाडीला पांघरूण घालणारे व्रत ते कसले! त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून पतीच्या ताटाशेजारी ठेवला.

"अहो, याचे टोक कशाने वाकले ते सांगा. नाहीतर मी सांगते."

त्र्यंबकरावांनी आकडा बाजूला सारला. "संध्याकाळी माणूस येऊन पेटी नीट करील. एवढे काय त्यात?"

"पेटी होईल हो नीट. हिच्या नावाला लावलेला बट्टा कोण पुसणार? जेवण झाले की टेकडी चढा. हिची मुलाखत घेणाऱ्या साहेबांना चूक कोणाची ते स्वतःच्या तोंडाने सांगा. मीही येते. आकडा मीच दिला होता."

भर उन्हात दोघे टेकडी चढले. धापा टाकत, अडखळत त्र्यंबकरावांनी फोनवर चूक कबूल केली. इरावतीला दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

संध्याकाळी पेटी पूर्ववत झाली. सर्वांचे इंटरनेट सुरू झाले. त्र्यंबकरावांचे कीर्तन तेवढे लागेना. इरावतीने त्यांचा मोबाइल घेतला, बोटाने वायफाय चालू केले आणि तो परत दिला. कीर्तन लागले. या वेळी मान खाली होती ती त्र्यंबकरावांची.

तात्पर्य: स्वतःकडे न पाहता सर्वांची बसलेली घडी मोडणे हा अविचार होय, त्याचे खापर निरपराध्याच्या माथी फोडणे हा अधर्म होय, आणि तो उघड्या डोळ्यांनी पाहून गप्प राहणारा त्यात निम्म्याचा वाटेकरी होय.