गुळबांध

धारकुसे गावाच्या वरच्या अंगाला, ओढा जिथे दोन टेकड्यांच्या मधून खाली उतरतो, तिथे एक जुना दगडी बांध आहे. त्याला गुळबांध म्हणतात. गावात ऊस पिकत नाही, गुऱ्हाळ तर कधीच नव्हतं. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा नावाचं कारण विचारतो. मग गावातले सगळ्यांत वयस्क गृहस्थ, नारबा शेलमकर, काठी टेकत पाहुण्यांना बांधावर नेतात. कुणी चपला काढू लागलं तर म्हणतात, "असू द्या पायांत. इथं देव नाही." आणि दगडावर बसून सांगू लागतात.

फार पूर्वी या गावात उन्हाळ्याला प्यायलाही पाणी उरत नसे. म्हणून ओढा अडवायचं ठरलं. जागा दाखवली मानाजीने. त्याच्या शब्दावर घरटी माणूस राबला, बाळोजी गवंड्याने चुना मळून दगड चढवले, आणि पहिल्याच पावसात बांध वाहून गेला. पुन्हा बांधला, पुन्हा गेला. लोक मानाजीकडे बघेनासे झाले. अखेर देवऋषी अंगात येऊन बोलला, म्हणे, "बांध माणूस मागतोय."  मग चावडीवर मानाजीच उभा राहिला. "जागा मी दाखवली, मीच बसतो," म्हणाला.

त्याची बायको गिरजा. त्या सकाळी तिने त्याला न्हाऊ घातलं, नवं धोतर नेसवलं, गळ्यात हार घातला. उंबऱ्याबाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "संध्याकाळी बैलांना पाणी दाखवायला विसरू नको."

गिरजा म्हणाली, "बरं."

त्याला बांधाच्या मधोमध बसवून भिंत चढवली, असं सांगतात. गिरजा रडली नाही. संध्याकाळी तिने बैलांना पाणी दाखवलं. बायका गळ्यात पडून रडायला आल्या, तर ही त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिली. चुलीतला निखारा बोटाला लागला तरी तिला फोड आल्यावरच कळलं. स्वतःचे हात तिला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत. ते भाकरी थापत होते, शेण काढत होते. ती नुसती बघत होती.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. अंगणात पंगत खोळंबली होती, आणि धाकटी जाऊ ठकू गुळवणीचं भांडं शोधत होती. शोधत शोधत ती ओढ्यापर्यंत आली. तिथे बांधाचं उरलेलं काम चालू होतं; चुना मळायच्या घाणीत बैल दगडी चाक ओढत होता आणि गिरजा रिकामं भांडं हातात घेऊन उभी होती.

"आक्का, गुळवणी कुठाय?"

गिरजाने भांड्यात पाहिलं, मग घाणीत पाहिलं. "चुन्यात घातली वाटतं," ती म्हणाली.

गुळवणी घेऊन पंगतीकडे निघालेले पाय तिला इथे कसे घेऊन आले, ते तिलाच ठाऊक नव्हतं. बाळोजी गवंडी चिडला, पण तेराव्या दिवशी विधवेला काय बोलणार? चुना टाकवेना, म्हणून तो बांधाच्या डाव्या कडेला, जिथे पाण्याचा फारसा जोर नाही असं त्याला वाटत होतं, तिथे वापरून टाकला.

त्या पावसाळ्यात बांध फुटला. बरोबर मधोमध फुटला, जिथे मानाजी होता तिथेच. सासऱ्याने येऊन गिरजाला सांगितलं. शब्द जुळवायला म्हाताऱ्याला फार वेळ लागला. ती तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

पाऊस सरला तशी पुन्हा चावडी बसली. देवऋषी म्हणाला, "एकानं भागलं नाही. त्याच रक्ताचा दुसरा पाहिजे." सगळ्यांचे डोळे मानाजीच्या धाकट्या भावाकडे, हैबतीकडे वळले. त्याने मान खाली घालून होकार दिला.

ठकू तेव्हा पोटुशी होती. तिने येऊन गिरजाच्या मांडीवर डोकं आपटलं. "आक्का, तुम्हाला कळतंय ना? तुम्हाला तरी कळतंय ना?" गिरजा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कळत होतं, पण आत कुठे लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बैल घेऊन ओढ्यावर गेली. मधोमध फुटलेला बांध पुढे सगळाच वाहून गेला होता, डाव्या कडेचा तुकडा तेवढा उभा होता. त्याच्या सावलीला ती टेकली. पाण्याने त्याचा एकही दगड हलला नव्हता. दगडांच्या सांध्यांतून मुंगळ्यांची रांग चालली होती. चुन्यात मुंगळे कशाला जातील? ती बघत राहिली. मग एकदम तिला ठकूची हाक आठवली, आणि आपल्या हातातलं रिकामं भांडं.

बैल तिथेच सोडून ती चावडीवर आली. विधवेने चावडी चढायची नाही, ही त्या काळची रीत. ती चढली.

"माणूस नको," ती म्हणाली. "गूळ घाला."

देवऋषी हसला. "नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही."

"डावी कड उभी आहे. तिच्यात माझी गुळवणी आहे. विचारा बाळोजीभाऊंना."

बाळोजी उठला, घण घेऊन ओढ्यात उतरला आणि त्याने डाव्या कडेवर घाव घातला. घण उलटा उसळला, चुन्याचा टवकाही उडाला नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

पाटलांनी विचारलं, "आणि चुकलं तर, गिरजे?"

"तर हैबतीभाऊजींच्या जागी मला बसवा."

मग गवंड्याने चुन्याचे दोन गोळे केले, एक साधा, एक गुळाचा. चांगले वाळू दिले आणि सगळ्या गावासमोर डोहात सोडले. साध्या गोळ्याचा चिखल झाला. दुसरा बाहेर काढला तो दगडासारखा टणक.  हैबतीने वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाळोजी ओला गोळा हातात धरून म्हणाला, "हे आधी कळलं असतं तर..." आणि थांबला.

ते सगळ्यांनी ऐकलं, गिरजानेही ऐकलं. लोक म्हणतात, तेव्हा ती रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती बैलांना पाणी दाखवायला गेली.

त्या वर्षी घरोघरचा गूळ चुन्यात गेला आणि बांध उभा राहिला. पाणी पहिल्यांदा काठोकाठ भरलं तेव्हा लोक नाचले. पाटलांनी सांगितलं, मधोमध मानाजीचा दगड बसवू, शेंदूर लावू, गावासाठी जीव दिलेला माणूस आहे.

तेव्हा मात्र गिरजा आडवी आली. "त्यांना देव करू नका," ती म्हणाली. "देव केलात, तर उद्या कुणीतरी पुन्हा बसायला तयार होईल."

एवढं बोलून ती थरथरू लागली. ठकूने तिला धरलं. मानाजी गेल्यानंतर गिरजाच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या दिवशी, असं सांगतात. काही जण म्हणतात, तेव्हाही आलं नाही.

आजही गुळबांधावर शेंदराचा ठिपका नाही, नारळ नाही, कोंबडं नाही. धारकुशात आता घरं सिमेंटची होतात. सिमेंटला गूळ लागत नाही, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी पाया भरताना गावातल्या एखाद्या विधवा बाईला मानाने बोलावतात. ती गुळाचा खडा घेऊन येते. घरधनी तिला हात जोडून विचारतो, "बाई, या घराला कुणाचा जीव लागेल का?"

ती खडा सिमेंटच्या मालात टाकते आणि म्हणते, "नाही. गुळावर भागतं."

मगच पहिला दगड बसतो.