अठरा दातांची पत्रिका

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. थोडी खोटी आहे, तेवढी सोडा.

फौजदाराने नवी विलायती साखळी सायकलवाल्या गैबीसमोर आपटली. "माझ्या सायकलच्या जुन्या दातेरी चक्रावर बसव. जुळत नाही म्हणालास, तर दुकानाला टाळं!"

गैबीने लावून पाहिली. साखळी तीन दातांवर बसली आणि चौथ्यावर चढली. घाटात जोर लावताना निसटली तर फौजदार दरीत आणि आपण कोठडीत!

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "छत्तीसातले तीसच गुण जुळले म्हणून तुम्ही लेकीचं स्थळ मोडलंत. इथं अठरा दातांतले तीनच जुळतायत, आणि नांदायला घाटात तुम्ही जाणार."

फौजदार साखळी उचलून मुकाट्याने निघून गेला.

साखळी खरी, गैबीची भीतीही खरी. फौजदार मुकाट्याने गेला, एवढंच माझ्या पदरचं.