आधी कोण? शेवटी कोण?

"कुणी पुसली? माझी चकचकीत ओळ कुणी पुसली?"

गोगलगाय रडू लागली. ती पोटाने लिहायची. पण आता पायरीवर धूळच धूळ! धुळीत ओळ उमटेना.

निघाली गोगलगाय. सुळुक सुळुक.

"झारीताई, झारीताई, पायरी धू. मी लिहीन!"

झारी हसली. "गोगलगाय नि पोटात पाय! तू लिहिणार?"

"पाय नाहीत. माझ्या पोटात अक्षरं आहेत!"

"असं? पण मी रिकामी. आधी नळ मला भरेल, मग मी."

सुळुक सुळुक.

"नळदादा, नळदादा, झारी भर. झारी पायरी धुईल. मी लिहीन!"

"आधी बकुळ तोटी फिरवेल, मग मी."

सुळुक सुळुक. अंगणात छोटी बकुळ बसली होती.

"बकुळ, बकुळ, तोटी फिरव. नळ झारी भरेल. झारी पायरी धुईल. मी लिहीन!"

"केस डोळ्यांत जातात गं! आधी आई वेणी घालेल, मग मी."

सुळुक सुळुक.

"आई, आई, वेणी घाल. बकुळ तोटी फिरवेल. नळ झारी भरेल. झारी पायरी धुईल. मी लिहीन!"

"अगंबाई, फणी कुठे गेली? आधी फणी सापडेल, मग मी."

सुळुक सुळुक. कुंडीखाली काय आहे? दात, दात, दात!

"फणी! आई, ही बघ फणी!"

आणि काय सांगू!

आधी फणी सापडली.

मग आईने वेणी घातली. सर्र सर्र!

नंतर बकुळने तोटी फिरवली. कुर्र कुर्र!

त्यानंतर नळाने झारी भरली. धो धो!

शेवटी झारीने पायरी धुतली. सळ सळ!

पायरी लख्ख. गोगलगाय लिहू लागली. सुळुक सुळुक.

"आधी झारी..."

"ए, थांब!" झारी ओरडली. "मी कुठे आधी? विचारलंस मला आधी. पण पाणी ओतलं मी शेवटी!"

गोगलगाय थांबली. शिंगं हलली. डुलुक डुलुक. विचार केला.

"खरंच की! पूस!"

सळ सळ! झारीने पुसलं. गोगलगायीने पुन्हा लिहिलं. बकुळने मोठ्याने वाचलं.

"आधी फणी. मग आई. नंतर बकुळ. त्यानंतर नळ. शेवटी झारी."

ऊन आलं. ओळ चमचम चमकली.

गोगलगायीची शिंगं ताठ झाली. "मी लिहिलं! माझं मी लिहिलं!"

आईच्या हातातली फणी म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी? आधी मी!"