बाप्पाची पहिली फेरी

माळावरच्या नव्या मनोरंजन उद्यानात रोलर कोस्टर उभा राहत होता. त्याच्या रुळाचा आराखडा मालक विश्वासराव तनपुरे यांनी हौसेनं स्वतःच काढला होता. टेकडीच्या वक्राला एक वर्गसमीकरण, पुढच्या खोलगट भागाच्या वक्राला दुसरं. तपासणीला आलेल्या इंजिनिअर कालिंदी मोघे यांनी दोन्हींच्या जोडावर बोट ठेवलं.

"साहेब, टेकडीचा वक्र इथे तीव्र उतारानं येतो आणि पुढचा इथूनच जवळजवळ सपाट सुरू होतो. डबा दणकन आदळेल."

"दोन्ही वक्र एकाच बिंदूत मिळतात की नाही?"

"मिळतात, पण उतार जुळत नाही."

"मिळतात ना? मग झालं! पोटातलं पाणी हलणार नाही, मॅडम. करा सही."

कालिंदीबाईंनी वाद न घालता पेन उघडलं.

"करते. फक्त पहिली फेरी बाप्पाची. तुमच्या केबिनमधली ही शाडूची मूर्ती पुढच्या सीटवर ठेवू, पट्टा बांधू आणि गाडी सोडू."

"काहीतरीच काय!" विश्वासराव खुर्चीतून उठलेच. "शाडू आहे ती! त्या जोडावर तुकडे होतील तिचे!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

कालिंदीबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आणि त्याच सीटवर लोकांची पोरं बसवायची ना, साहेब?"

विश्वासरावांनी आराखडा त्यांच्याकडे सरकवला. दुसरं समीकरण बदललं, उतार जुळला.

उद्घाटनाला पहिली फेरी बाप्पाचीच झाली. मूर्ती मांडीवर घेऊन विश्वासराव स्वतः बसले होते. सोंडसुद्धा शाबूत परत आली.