‘नौबहार’चे सोडलेले दोर

पुढील हकिकत मी २०१९ च्या डिसेंबरात, प्रबंधाच्या कामासाठी आंबेरखाडीत असताना, ‘नौबहार’च्या डेकवर याकूब सारंग यांच्याकडून ऐकली. निवृत्त खलाशी असलेले याकूबचाचा या तरंगत्या संग्रहालयात येणाऱ्यांना जहाज दाखवतात. महायुद्धातील या मालवाहू जहाजावर सारे जागच्या जागी आहे. केवळ डाव्या अंगाच्या एका बचावहोडीची जागा रिकामी असून, ती उतरवण्याचे दोन दोर पाण्यापर्यंत लोंबत आहेत.

असे सांगतात की, युद्धात जवळच दुसरे जहाज बुडाले, तेव्हा त्यावरील माणसांना आणण्यासाठी कासम तांडेल ती होडी घेऊन उतरला. धुके दाटले. होडी परतली नाही. पुढे युद्ध संपले, ‘नौबहार’ मोडीत निघाले आणि तोडण्यासाठी कासमच्याच खाडीत आले. उधाणाच्या भरतीला ते किनाऱ्यावर चढवायचे होते. पण त्याआधी लोंबते दोर वर घेणे भाग होते. आणि होडी बाहेर असताना दोर वर घेऊ नयेत, हा तर खलाशांचा जुना नेम.

कासमची पत्नी रुकय्याबी जहाजावर येऊन दोरांपाशी उभी राहिली. तोडकामाचा मुकादम स्वतः एकदा समुद्रातून दोरानेच वाचलेला. तो म्हणाला, “वैनी, सात वर्सं झाली. आता कसली होडी येते?”

“तू बुडत होतास, तेव्हा दोर सोडणाऱ्यानं वर्सं मोजली होती काय रे?”

मुकादम खाली बसला. त्याच्यामागे सगळेच मजूर बसले. जहाज विकत घेतलेला शेट भडकला. “कामाला आलात की लग्नाला?”

कोणी उठेना, तेव्हा त्याने स्वतःच दोराला हात घातला. दोर येईना. खाली नुसते पाणी होते, तरी कोणीतरी धरून असल्यासारखे वजन लागले, म्हणे. शेटने दोर सोडला. भरती ओसरली. पुढे गावाने वर्गणी काढून जहाज त्याच्याकडून घेतले.

आजही दर पावसाळ्यानंतर गावातल्या बायका काथ्या वळून ते दोर बदलतात. नवा सोडल्याशिवाय जुना काढत नाहीत.

दोर चिखलात अडकला असणे शक्य आहे. त्या दिवशी भरती ओसरल्यावर रुकय्याबी घरी गेली आणि तिने चुलीवर भात चढवला, याबाबत गावात दुमत नाही. याकूबचाचा म्हणतात, दोघांचा. तेव्हा तिच्या शेजारी राहणारी त्यांची थोरली बहीण म्हणते, एकटीचाच. याची खात्री मला करता आली नाही.