महाप्रसादाच्या पातेल्याचा न्याय

शंभुमहादेव संस्थानाच्या वाचनालयातील जुन्या संगणकांवर वृद्ध भाविक मोठ्या अक्षरांत पोथी वाचत. ग्रंथपाल मंदाताईंनी त्यांवर लिनक्स ही मोफत आणि आतली रचना सर्वांना पाहता येणारी संगणकप्रणाली बसवली होती.

विश्वस्तांच्या सभेत अध्यक्ष घोरपडे कडाडले, "फुकटची प्रणाली, तीही उघडी! कोणीही आत डोकवावं? आपण विकतची, कुलूपबंद घेऊ. या जुन्या संगणकांना ती पेलणार नाही, ते काढा भंगारात!"

पोथीवाचन बंद पडणार म्हणून सभामंडपात जमलेले वृद्ध हवालदिल झाले. मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "मग महाप्रसादाच्या स्वयंपाकघरालाही दार लावून कुलूप घालू या."

"भलतंच काय!" अध्यक्ष उसळले. "आपल्याकडे महाप्रसाद भक्तांच्या डोळ्यांदेखत रांधायची प्रथा आहे. म्हणून तर लोक निर्धास्त जेवतात!"

"पण कोणी पातेल्यात भलतंसलतं टाकलं तर?"

"टाकेल कसं? पाहावं सगळ्यांनी, पळी मात्र नेमलेल्या आचाऱ्याच्याच हाती!"

"अध्यक्षसाहेब, या प्रणालीचीही हीच रीत," ताईंनी हात जोडले. "रचना कोणीही तपासावी, बदल मात्र जाणकारांनी पारखूनच स्वीकारायचा."

अध्यक्षांनी स्वमुखानेच निकाल दिला होता. तो आता फिरवणार कसा? संगणक जागेवर राहिले, आणि वृद्धांच्या "हर हर महादेव!"ने सभामंडप दुमदुमला.