रांजणातलं पाणी

फार वर्षांमागे एका नदीकाठी केळीच्या बागांचं एक गाव होतं. त्या गावात सारजाबाई नावाची एक बागवाली राहायची. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, तरी गावच्या बागा हिरव्यागार होत्या. गावाने नदीला बंधारा घालून, फळ्या घट्ट बसवून सगळं पाणी अडवलं होतं.

सारजाबाईने देवीला नवस केला होता, "बाग वाचू दे, आमच्या नदीच्या पाण्याने तुला न्हाऊ घालीन." बाग वाचली. तिने बैलगाडीत रांजणभर पाणी ठेवलं, वर फडकं बांधलं आणि रखमाजी गाडीवानाला घेऊन ती निघाली. देवीचा डोंगर खूप लांब होता. बंधारा झाल्यापासून गावातलं कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं.

वाट नदीच्या काठाकाठाने खाली जात होती. बंधारा मागे पडला आणि हिरवं शेत दिसेनासं झालं. पात्रात नुसती वाळू होती. पुढे एक गाव लागलं, पण तिथे कुत्रं भुंकलं नाही की कोंबडं आरवलं नाही. माणसं उंबऱ्यावर बसून गाडीकडे बघत होती.

"रखमाजी, ही माणसं अशी का बघतात?" सारजाबाईने विचारलं.

"बघू नका, बाई. गाडी हाकतो मी," रखमाजी म्हणाला.

थोड्या वेळाने तिने मागे वळून पाहिलं. अख्खं गाव गाडीमागून चालत होतं. बाया, म्हातारे, कडेवर पोरं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. उन्हात फक्त पावलांचा आवाज येत होता.

रखमाजीने बैलांना चाबूक मारला, पण बैल थकले होते. सारजाबाईने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि रस्त्यावर फेकल्या. कुणीही खाली वाकलं नाही. माणसं त्यांना ओलांडून पुढे आली. यांना सोनं नको, मग आपला जीवच हवा आहे, असं तिला वाटलं.

शेवटी बैल जागीच थांबले. एक म्हातारी पुढे आली आणि तिने चाकावर हात ठेवला.

"बाई, तुमच्या गाडीत पाणी वाजतंय. पोरांना एकेक घोट द्याल का?"

देवीचं पाणी उष्टं झालं तर काय, आणि यांनी रांजणच ओढून नेला तर काय? सारजाबाईने रांजणावरचं फडकं घट्ट धरलं. ती म्हणाली, "पाणी नाही. तेल आहे."

"असेल," म्हातारी म्हणाली. "आम्हाला पाणी वाटलं." ती वळली, तशी सगळी माणसं वळली आणि आली तशी निमूट परत चालू लागली.

त्या पाठमोऱ्या माणसांकडे सारजाबाई बघत राहिली. ती खोटं बोलली होती आणि त्यांनी ते मुकाट्याने मानलं होतं.

"आजी, थांबा," तिने हाक मारली आणि रांजणावरचं फडकं सोडलं.

आधी पोरं प्यायली, मग बाकीचे. म्हातारीने तळाशी थोडं पाणी राखलं. "हे तुम्हाला. तुम्हाला लांब जायचंय. वरच्या अंगाला नदी आटली म्हणतात. तुमचेही हालच असतील."

रखमाजीने मान खाली घातली. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण सारजाबाई म्हणाली, "नदी आटली नाही, आजी. आम्ही अडवलीय."

एका माणसाने वाटेवरचा दगड उचलला. सारजाबाईने डोळे मिटले. दगड धपकन खाली पडल्याचा आवाज आला.

"मग पुढे कशाला जाता?" म्हातारी म्हणाली. "मागे जाऊन तिथल्यांना सांगा."

सारजाबाईने गाडी वळवली.

गावाने तिचं ऐकून घेतलं नाही. "फळ्या काढल्या तर बागा वाळतील," म्हातारे पंच म्हणाले. "आणि नवस अर्धा टाकून आलीस, आता देवी कोपली तर भोगायचं कुणी?"

"भीती मलाही वाटते," सारजाबाई म्हणाली. "पण तिथली तान्ही पोरं रडतसुद्धा नाहीत. माझी बाग सगळ्यांत उंचावर आहे. वाळली तर आधी माझी वाळेल. तुम्ही एकदा त्या वाटेने चालून या. मग म्हणाल तसं करू."

पंच हातात काठ्या घेऊन, घाबरतच गेले. परत आल्यावर ते घरी न जाता तडक बंधाऱ्यावर गेले आणि त्यांनी अर्ध्या फळ्या उपसल्या.

त्या वर्षी केळीचे घड लहान आले. सारजाबाईच्या बागेचा एक कोपरा वाळून गेला. पण खालच्या गावांत विहिरींना पाझर फुटला, आणि बंधाऱ्याच्या सगळ्या फळ्या पुन्हा कधी कुणी बसवल्या नाहीत.

तात्पर्य: ज्या माणसांची आपल्याला भीती वाटते, त्यांच्या दारापर्यंत एकदा चालत जावं; भिण्यासारखं काही असेल, तर ते पुष्कळदा आपणच केलेलं असतं.